निळसर दुधाची गोष्ट

लाइट गेली की आमच्या घरात पोरं आपसूक आत येतात. घोडनदीच्या काठानं ऊस असा दाटलाय की दिवेलागणीनंतर त्यात बिबट्या बसलाय की नाही हे एक तो ऊस जाणे नाहीतर बिबट्या, त्यामुळं ओट्यावरचा खेळ मोडतो, सगळी कंदिलाभोवती कोंडाळं करतात आणि कुणीतरी म्हणतंच, आबा, गोष्ट सांगा. भुतांच्या माझ्याजवळच्या गोष्टी संपल्या, आणि ज्या उरल्यात त्यांतलं भूत आता पोरांनाच घाबरतं. म्हणून हल्ली मी दुधाच्या सांगतो. हसू नका. मंचरच्या अल्याड-पल्याड कुठल्याही गावात पहाटे चारला जे कोण जागं असतं ते गोठ्यात असतं, आणि मी तर तीस वर्षं गावच्या डेअरीत दूध घेतलं. एकाच पांढऱ्या वस्तूकडं रोज दोनदा, तीस वर्षं बघत बसलेल्या माणसाला तिच्यात काहीबाही दिसायला लागतंच.

तेल आणि पाणी यांचं जमत नाही, हे तुम्ही आमटीवरच्या तवंगात रोज बघता. मग म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट असूनही चरवीत तुपाचा तवंग का नसतो? तर म्हैस ते फॅट बारीक थेंब-थेंब करून, प्रत्येक थेंबाला अंगरखा चढवूनच कासेत सोडते. अंगरखा दुतोंडी रेणूंचा असतो, एक तोंड तेलाकडं आणि एक पाण्याकडं. भाऊबंदकीत असा एखादा माणूस असतोच, जो दोन्ही घरी जेवतो आणि म्हणून दोन्ही घरं उभी राहतात. थेंब केवढा, तर मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातले तीन-चार.

डेअरीत आमचं काम हा अंगरखा फाडायचं. काचेची जाड नळी असायची, बुटीरोमीटर, आम्ही नुसतं बुटीरो म्हणायचो. तिच्यात आधी दहा मिली गंधकाचं आम्ल, मग पिपेटनं पावणेअकरा मिली दूध, तेही काठाकाठानं, नाहीतर उसळी मारतं. वर एक मिली अमाइल अल्कोहोल, बूच घट्ट, आणि फडक्यात धरून वर-खाली करायची. हाताला चटका बसेल अशी ती तापायची, आतलं दूध बघता बघता काळसर तपकिरी व्हायचं, आणि मग सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं गरगर. बाहेर काढली की अरुंद गळ्यात पिवळं फॅट स्वच्छ उभं, त्याच्या शेजारी आकडा. एक म्हातारी रोज ती नळी स्वतः उजेडाला धरायची आणि मला विचारायची, "काल सात होतं, आज साडेसहा, म्हैस रुसली का तू?" माझ्या हातून बूच सैल लागून एकदा तिच्या दुधाचा सगळा नमुना माझ्या शर्टावर आला, शर्टाची चाळण झाली, तरी तिनं सातच लावून घेतलं.

सांगायचं काय, की आम्लानं अंगरखा गेला की सगळे थेंब पळत पळत एकमेकांना मिळतात. तेलाला मुळात एकत्रच यायचं असतं. ते वेगळं राहतं तोवर ते कुणीतरी वेगळं ठेवलेलं असतं.

आता थोरल्या नातीची गोष्ट. ती पुण्याला औषधांचं शिकते, बी.फार्म. झालं, आता एम.फार्म. चाललंय. मृगाच्या आधी चार दिवस आली ती तोंड उतरवून. म्हणाली, "आबा, माझे पार्टिकल वाढले." मला वाटलं अंगावर काही पुरळ आलंय, तुमची आजी तर हळद घेऊन उठलीच. मग कळलं की हिनं मेणासारख्या घट्ट फॅटचे बारीक कण बनवले होते, त्यात औषध भरायचं होतं. पहिल्या दिवशी मोजले तर १३० नॅनोमीटर, नीट फ्रीजमध्ये ठेवले, आणि तीन आठवड्यांनी काढले तर ५०० च्या वर, आणि बाटली आडवी केली तरी हलेना, लापशी झालेली. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग करून त्यातला एक. आपल्या केसाच्या जाडीत हिचे सहाशे कण शेजारी-शेजारी मावतील. दुधातला थेंब नारळाएवढा धरला तर हिचा कण तुरीचा दाणा.

एवढी बारीक पुरचुंडी कशाला बांधायची, असं मीही विचारलं. तर काही औषधं पाण्यात विरघळतच नाहीत, आणि काही अशी तापट, की वाटेत भेटेल त्याला डाग देत जातात. अँफोटेरिसिन बी नावाचं बुरशीवरचं औषध आहे. बुरशी मारतं खरं, पण मूत्रपिंडालाही सोडत नाही. तेच स्निग्ध पुरचुंडीत बांधून दिलं की मूत्रपिंडाचा त्रास पुष्कळ कमी होतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम आपल्या देशात फार आधी केलं. त्यातून निघालेल्या औषधाची गंमत अशी, की देण्याआधी ती बाटली पाऊण तास अतिध्वनीच्या पाण्यात धरायची, म्हणजे ठेवून ठेवून एकमेकांना बिलगलेल्या पुरचुंड्या परत सुट्या होतात. मला ही युक्ती फार आवडली. बिलगू नका म्हणून ऐकणार नसाल तर बिलगा, ऐन वेळी सोडवतो! २०२१ च्या उन्हाळ्यात काळी बुरशी आली तेव्हा याच जातीच्या इंजेक्शनासाठी माणसं जिल्हाभर वणवण फिरली, ते तुमच्या बापाला विचारा.

बरं, हिचे कण फ्रीजमध्ये का नासले? ती मला तक्ते दाखवायला लागली. मी म्हटलं, तक्ते राहू दे, आत जाऊन आजीची तुपाची बरणी आण. तूप कढवून हळूहळू निवू दिलं की त्याला रवा पडतो; आपण त्याला रवाळ म्हणून डोक्यावर घेतो. पण रवा म्हणजे काय, तर फॅटचे रेणू शिस्तीत रांगा लावून बसले. नारायणगावच्या फडाचा तमाशा बघायला गर्दी बसते तसे ते आधी वाटेल तसे बसलेले असतात, मांडीला मांडी, मध्ये-मध्ये फटी, आणि त्या फटींत बिनतिकिटाची पोरं. मग कुणीतरी दरडावतो, सरळ ओळीत बसा! ओळी झाल्या की फटी गेल्या आणि पोरं तंबूबाहेर. हिच्या कणांत औषध त्या पोरांसारखं फटींत बसलेलं होतं. फॅट दिवसेंदिवस जास्त जास्त शिस्तीत बसत गेलं आणि औषध बाहेर पडलं. वर आणखी एक झालं. गोल होता तोवर कणाला अंगरखा पुरत होता, पण रवा पडला तसा तो चपटा झाला, चपट्या वस्तूला कापड जास्त लागतं, म्हणून जागोजाग उघडा पडला, आणि उघडे उघड्यांना चिकटले. झाली लापशी.

तिकडं बर्लिनला राइनर म्यूलर म्हणून एक प्राध्यापक, त्यांनी आणि त्यांच्या बरोबरीच्यांनी १९९० च्या दशकात यावर तोड काढली ती अगदी बायकी शहाणपणाची: घट्ट फॅटमध्ये थोडं पातळ तेल मिसळायचं. रांगा लागतच नाहीत, गर्दी कायम गोंधळात, आणि औषध फटींत सुखात. हे ऐकून तुमची आजी म्हणाली, एवढ्यासाठी बर्लिन?

मी नातीला म्हटलं, मग फ्रीजमध्ये कशाला, सरळ बर्फच करून टाक ना. तर ती हसली आणि मला एक जुना प्रसंग आठवला. लग्नसराईत पाच लिटर दूध उरलं म्हणून मी ते गोठवून ठेवलं, आणि आठ दिवसांनी शेगडीवर ठेवलं तर वर पिवळ्या तेलाची वर्तुळं, खाली कणी-कणी, मध्ये पिवळट पाणी. झालं असं, की पाणी गोठताना फार स्वार्थी होतं. बर्फ आपल्यात कुणाला घेत नाही. थेंब, क्षार, सगळ्यांना ढकलत ढकलत उरलेल्या चिंचोळ्या ओलाव्यात कोंबतो, तिथं खारटपणा वाढतो, बर्फाच्या सुया अंगरख्यांना भोकं पाडतात, आणि बर्फ वितळेपर्यंत तेलाची सोयरीक जमून गेलेली असते.

तरीसुद्धा, पोरांनो, २०२० च्या अखेरीला फायझर-बायोएनटेकची करोनाची लस निघाली ती ठेवायची होती उणे ७० अंशांच्या आसपास! तीही अशाच स्निग्ध पुरचुंडीत बांधलेली. आत औषधाऐवजी एक चिठ्ठी, आरएनए, ४,२८४ मण्यांची माळ म्हणा. आपल्या पेशींनी ती चिठ्ठी वाचून करोनाच्या काट्याचा नमुना बनवायचा, म्हणजे शरीर तो ओळखून ठेवतं. माळ इतकी नाजूक, की पाण्यात पडल्या पडल्या कुठं तरी एक मणी तुटला तर चिठ्ठी फुकट. त्यात पुरचुंडीचं फॅट जुनं होऊन बिघडतं. खवट शेंगदाण्याला वास येतो तो अल्डिहाइड नावाच्या पदार्थांचा. लसीतल्या एका फॅटमधूनही जुनेपणी तसलेच पदार्थ सुटतात आणि माळेला चिकटून बसतात, मग अक्षर लागत नाही. म्हणून एवढी थंडी, की पाणीही निजावं आणि खवटपणाही. आणि बाटली हिसळायची नाही, अलगद दहा वेळा उलटी करायची. का, ते रवी फिरवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. हिसळलं, त्यात हवा शिरली, की लोणी येतं.

आमच्या भागात ती लस आलीच नाही. आली ती हडपसरच्या सीरमची कोव्हिशील्ड, तिला पी.एच.सी.तला दोन ते आठ अंशांचा फ्रीज पुरायचा. सिस्टरबाई निळा डबा खांद्याला लावून डिंभ्याच्या फुगवट्यापलीकडं आहुप्याच्या बाजूला जायच्या तेव्हा त्यात चार बर्फाच्या लाद्या असल्या की भागायचं. उणे सत्तरवालं खोकं त्या वाटेनं न्यायचं म्हणजे भीमाशंकरच्या जत्रेत आइस्क्रीमचा डोंगर न्यायचा.

फायझरवाल्यांनीही मग डोकं लढवलं. साध्या फ्रीजमध्ये आधी पाच दिवस म्हणत होते, ते २०२१ च्या मे महिन्यात महिन्यावर गेले, आणि पुढं आतला फॉस्फेटचा क्षार काढून ट्रिस नावाचा घातला तेव्हा दहा आठवड्यांवर. फॉस्फेटची खोड अशी, की गोठताना त्याचा एक भाग आधी बाजूला बसतो आणि उरलेलं आंबट होत जातं. दुधाला आंबट लागलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण या सगळ्यात माझा ऊर भरून आला तो दुसऱ्याच गोष्टीनं. नातीनं त्या लसीत काय काय असतं ते वाचून दाखवलं, चार जातींची फॅट, क्षार, आणि शेवटी सुक्रोज. मी म्हटलं, सुक्रोज म्हणजे? म्हणाली, आपली साखर, आबा. उसाची! नव्या लसीत दर दहा भागांत जवळजवळ एक भाग साखर. इकडं भीमाशंकर कारखाना, तिकडं जुन्नरला विघ्नहर, ज्या उसात बिबट्या पिल्लं घालतो त्याचीच ती साखर, जातीनं तीच. ती पुरचुंड्यांच्या मध्ये शिरून बसते. चिक्कीच्या पाकात शेंगदाणे कसे पक्के बसतात, दाण्याला दाणा भिडत नाही, तसं. पाक कडक झाला की ती एक प्रकारची काचच असते, आणि काचेत अडकलेला थेंब सरकणार कुठं?

ही युक्ती माणसाची नाही. नाणेघाटाच्या सड्यावर तुम्ही चैत्रात गेला असाल तर काळ्या कातळावर काथ्याच्या चोथ्यासारखं गवत पाहिलं असेल. पायाखाली चुरतं, गुरंही नाक लावून पुढं जातात. मेलं असं म्हणून सोडून द्या आणि वळवाचा एक पाऊस झाला की परत या. तोच चोथा हिरवा झालेला असतो. नवं उगवत नाही, तेच पान, तेच जुनं, पुन्हा पाणी पिऊन उभं राहतं. पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम घाटात अशा ६२ जाती मोजल्या; त्याआधी नऊच ठाऊक होत्या. आता पेशीचा अंगरखाही दुधातल्या थेंबासारखाच दुतोंडी फॅटचा, आणि वाळताना तो फाटायचाच. तर अशी झाडं वाळत असताना पेशींत साखर साठवतात, बहुतेक जाती हीच साधी सुक्रोज. पाणी निघून जातं तशी साखर त्याच्या जागी बसते, अंगरख्याच्या रेणूंचे हात धरून ठेवते, आणि सगळी पेशी एक काच होऊन पावसाची वाट बघते. अमेरिकेत जॉन क्रो यांनी मिठागरातल्या कोळंबीच्या अंड्यांत हेच पाहिलं, तिथं साखर ट्रेहॅलोज नावाची. ती काच जास्त कडक, उन्हाला दाद न देणारी. बाकी दोघींची खोड एक: दमट हवा लागली की चिघळतात. पावसाळ्यात चिक्कीचा डबा उघडा टाकून बघा.

मग झालं काय, आपल्याच जिल्ह्यात, हिंजवडीला, जेनोव्हा नावाच्या कंपनीनं आपल्या देशाची पहिली आरएनए लस बनवली. २०२२ च्या जूनमध्ये तिला आणीबाणीची परवानगी मिळाली, आणि तीच दोन ते आठ अंशांत राहणारी. वर्षानं, जून २०२३ मध्ये, ओमिक्रॉनसाठीची आली ती तर वाळवून भुकटी केलेली, देताना सुईसुद्धा नको. वाळवायची रीत बघा. आजीच्या ट्रंकेत शालूमध्ये डांबरगोळी असते, ती दिवाळीला लिंबाएवढी, होळीला बोराएवढी, आणि शालू कधी ओला झालेला नसतो, कारण ती वितळतच नाही, घन असते ती सरळ वाफ होऊन जाते. हवा काढून घेतलेल्या पेटीत बर्फही तसाच वागतो. लस साखरेबरोबर गोठवायची, मग हवा खेचायची. बर्फ पातळ न होताच उडून जातो आणि मागं राहतो बत्ताशासारखा पोकळ पांढरा गोळा. पाणी नाही, म्हणजे माळ तोडायला कुणी नाही.

पण एक गोष्ट नातीनं सांगितली आणि मी गप्प झालो. एवढं जपून आणलेली पुरचुंडी शरीरात पोचली की फुटायलाच हवी. नाही फुटली तर चिठ्ठी आतच. म्हणजे बाटलीत वर्षभर अभंग राहायचं, आणि पेशीनं गिळली की तासाभरात मोडायचं. ते कसं? तर पेशी जे गिळते ते एका पिशवीत ठेवते आणि ती पिशवी हळूहळू आंबट होते. पुरचुंडीतलं एक फॅट असं निवडलेलं असतं, की रक्तात ते निमूट असतं आणि आंबट लागलं की विद्युतभारित होऊन पिशवीच्या भिंतीला भिडतं, भिंत फाटते, चिठ्ठी बाहेर. विरजण! चमचाभर विरजणात जी अक्कल आहे ती यांनी त्या कणात भरून ठेवली. बाकी सगळ्या चिठ्ठ्या बाहेर येतात असं समजू नका, पुष्कळशा पिशवीतच जिरतात; अजून तिथं घोडं अडलंय.

ती परत पुण्याला गेली आणि दिवाळीला आली तेव्हा पर्समधून दोन बोटांएवढी बाटली काढली. औषध न घातलेली, नुसते कण, तेल मिसळलेले, साखर घालून वाळवलेले. तळाशी बत्तासा. नेमकी लाइट गेलेली होती. तिनं सिरिंजनं थोडं पाणी सोडलं, हिसळली नाही, बाटली फक्त दोन तळहातांत रवीसारखी, पण अगदी सावकाश फिरवली, आणि बत्तासा होता होता नाहीसा झाला. कंदिलासमोर धरली. दूध म्हणावं तर दूध नाही, पातळ, आणि कडेनं निळसर झाक.

मी तीस वर्षांच्या सवयीनं म्हणालो, "पाणी घातलंय. कॅन परत ने."

तर ती एवढी हसली की कंदील हलला. म्हणाली, आबा, ही झाक दिसली की समजायचं कण बारीक राहिलेत. मोठे झाले की पांढरंफेक दिसतं. तुम्ही जे दूध नाकारलं असतं तेच मला हवंय. ती बाटली तिनं देवळीत ठेवली, वर चिठ्ठी लावली, तारीख घातली. आज बारावा दिवस. रोज दिवेलागणीला मी ती कंदिलापुढं धरतो. काल वाटलं थोडी पांढरी झाली, पण तुमची आजी म्हणते काच पुसा आधी.